चुकीचा पत्ता

लाजपत नगरच्या बाजारात एका दुपारी मी एका वयस्कर कापडवाल्यांना ‘काका’ म्हणून हाक मारली. मी मिरजेची. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना दुसरं काय म्हणणार? कापडाची घडी घालता घालता ते थांबले आणि हसून म्हणाले, की आमच्या पंजाबीत काका म्हणजे लहानसं पोर. मी ओशाळले. पण माझ्याबरोबर काबूलहून आलेली एक विद्यार्थिनी होती, तिने माझी बाजू उचलून धरली. तिच्या दरी भाषेत वडिलांचा भाऊ तो काका आणि आईचा भाऊ तो मामा. आजूबाजूची दिल्ली चाचा म्हणत असताना मिरज आणि काबूल मात्र काका म्हणतात, हे मला त्या दुकानात सुती कापडाच्या ढिगाशेजारी कळलं.

त्या दिवशी वर्गात नेमका ‘अंकल’ हा शब्द शिकवायचा होता. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, शेजारचे गृहस्थ, सगळ्यांना मिळून तो एकच शब्द. फळ्यावर मी एका बाजूला मराठी नाती लिहिली, दुसऱ्या बाजूला विद्यार्थिनी दरी नाती सांगत गेल्या. काका-मामा जसेच्या तसे जुळले. मावशीला त्या ‘खाला’ म्हणाल्या, आत्याला ‘अम्मा’. इंग्रजीचा रकाना मात्र दोन शब्दांत संपला. ‘अंकल’ त्या लगेच शिकल्या, पण त्यानंतर कितीतरी दिवस ‘माय काका अंकल’ आणि ‘माय मामा अंकल’ असंच म्हणत राहिल्या. परीक्षेच्या दृष्टीने ती चूक होती. मला मात्र ती चूक कुठून आली हे ठाऊक होतं.

गेली अठरा वर्षं मी दिल्लीत आणि दिल्लीच्या आसपास परदेशी माणसांना इंग्रजी शिकवते आहे. परदेशात इंग्रजी शिकवणं म्हटलं, की सोल किंवा टोकियोला गेलेली एखादी शिक्षिका डोळ्यांसमोर येते. दिल्लीत परदेश आपल्या पायांनी चालत वर्गात येतो. या वर्षांत एक गोष्ट मनाशी पक्की झाली. विद्यार्थ्याच्या प्रत्येक चुकीला पत्ता असतो. ती कुठल्या तरी गावातून, कुठल्या तरी आजीच्या तोंडून निघून इथवर आलेली असते. तो पत्ता सापडला, की चूक सुधारणं सोपं जातं, आणि समोरचा माणूसही ओळखीचा होतो. या वर्गांतल्या फजित्यांचा आणि छोट्या आनंदांचा हा आढावा त्याच पत्त्यांच्या शोधासाठी आहे.

नकाशा

लाजपत नगर ही वसाहतच मुळी निर्वासितांची. १९४७च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांसाठी ती उभी राहिली. त्या कुटुंबांच्या घरांत आज अफगाण भाडेकरू राहतात. बाजारात दरी भाषेतल्या पाट्या दिसतात, भट्टीतून निघालेले लांबट नान ओळीने मांडलेले असतात, आणि बोलानी व काबुली पुलाव मागायला दिल्लीकरही येतात. शेजारच्या भोगलमध्येही हेच चित्र. मालवीय नगर आणि हौज रानी भागात रुग्णालयांमुळे अफगाण, इराकी, आफ्रिकी पाहुण्यांची सतत वर्दळ असते. ज्याला थोडं इंग्रजी आणि थोडं हिंदी येतं, त्याला तिथे दुभाष्याचं काम मिळतं.

पश्चिमेला विकासपुरी आणि जनकपुरीच्या बाजूला म्यानमारमधून आलेली चिन कुटुंबं आहेत. त्याच दिशेला टिळक नगर, जिथे काबूल-जलालाबादचे शीख वर्षानुवर्षं येऊन राहिले. ही वसाहत आपल्या लोकमान्यांच्या नावाची. उत्तरेला यमुनेकाठी मजनू का टीला, १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्यांची वस्ती. दक्षिणेला गुडगाव. तिथे जपानी माणसं आली ती मोटारींमागून. मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून मालकाच्या हाती गेली, आणि सुझुकीच्या पाठोपाठ किती तरी जपानी कुटुंबांचे संसार इथे मांडले गेले. पूर्वेला नॉयडा आणि ग्रेटर नॉयडा, सॅमसंग आणि एलजीच्या कारखान्यांमुळे कोरियन घरांचा पत्ता.

यांच्या गरजा सारख्या नाहीत. गुडगावातल्या जपानी गृहिणीला मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत बोलायचं असतं. भोगलमधल्या अफगाण तरुणाला तिसऱ्या देशात जाण्यासाठीच्या मुलाखतीत आपली कहाणी नीट सांगायची असते. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक जागतिक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अनेकांची भिस्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने दिलेल्या कार्डावर असते. त्या कचेरीचा कागद इंग्रजीत येतो. म्हणून एकीला इंग्रजी हवी ती दिवस सुखाचा जावा म्हणून, आणि दुसऱ्याला हवी ती आयुष्य मार्गी लागावं म्हणून. सकाळी नॉयडा आणि दुपारी भोगल असा प्रवास मेट्रोने करताना हा फरक मला रोज जाणवतो.

इस्कूल, सकूल, स्कूल

पहिला धडा शाळेचा. दरी बोलणारा माणूस ‘इस्कूल’ म्हणतो, कारण शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं एकत्र आली की त्याच्या जिभेला आधी एखादा स्वर लागतो. वर्गाबाहेर आलं तर रिक्षावाले बिहारचे, तेही इस्कूलच म्हणतात. पंजाबी घरमालक ‘सकूल’ म्हणतात. मराठी जिभेला स्नान, स्थळ, स्पष्ट यांची सवय असल्यामुळे मला स्कूल सहज जमतं, आणि सुरुवातीची काही वर्षं मी समजत होते, की हे सर्वांनाच जमायला हवं. एकदा एका विद्यार्थ्याने मला दरीतला ‘क़ाफ’ म्हणायला लावला. घशाच्या तळातून निघणारा तो ‘क़’ दहा प्रयत्नांनंतरही मला साधला नाही. त्या दिवसापासून मी ‘इस्कूल’ला घाई करत नाही. आधी ‘सससस’ असा सापासारखा आवाज काढायचा, मग थोडं थांबून ‘कूल’, आणि हळूहळू दोघांमधलं अंतर कमी करत न्यायचं.

कोरियन भाषेत ‘फ’ नाही, म्हणून कॉफीची ‘कोपी’ होते. माझ्या एका विद्यार्थिनीने सोसायटीच्या कचेरीत दोन कोपी मागितल्या, तर तिथल्या मुलाने तिच्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स आणून दिल्या. ती ते कागद वर्गात घेऊन आली. मी तिला आरशासमोर बसवलं आणि वरचे दात खालच्या ओठावर कसे टेकतात ते दाखवलं. दाखवता दाखवता माझी आजी आठवली. ‘फळ’ म्हणताना आजीचे दोन्ही ओठ मिटायचे आणि उघडायचे. माझ्या पिढीच्या तोंडी ते फळ इंग्रजी वळणाचं झालं. ज्या आवाजासाठी मी या बाईला आरशासमोर बसवलं, तो माझ्या घरातही पाहुणाच होता. तीन आठवड्यांनी तिने त्याच कचेरीत कॉफी मागितली आणि कॉफी आली. तिने मला त्या कपाचा फोटो पाठवला.

‘थ’चं प्रकरण जरा गंभीर होतं. थाळीतला थ तोच ‘थिंक’मधला थ, असं मी मिरजेत शिकले होते आणि तसंच शिकवत आले. एका जपानी बाईंनी ध्वनिफितीवरचा उच्चार ऐकून नम्रपणे विचारलं, की तुमचा आणि हिचा आवाज वेगळा का? मी पुन्हा ऐकलं. वेगळाच होता. इंग्रजांची जीभ दातांमध्ये येते आणि हवा घासत बाहेर पडते, आपली जीभ दातांमागे टेकते आणि सुटते. त्या रात्री मी आरशासमोर बसले. दुसऱ्या दिवशी वर्गाला दोन्ही आवाज ऐकवले आणि सांगितलं, की हा लंडनचा आणि हा महाराष्ट्राचा, दोन्ही समजतात, पण परीक्षेत ध्वनिफितीवर पहिला ऐकू येईल.

हो म्हणजे नाही

कोरियन आणि जपानी विद्यार्थ्यांना ‘यस’ आणि ‘नो’ सर्वात जास्त छळतात. ‘तुम्हाला साखर नको ना?’ असं इंग्रजीत विचारलं, की ते ‘यस’ म्हणतात. म्हणजे, हो, तुमचं बरोबर, नको. विचारणारा दोन चमचे साखर घालून मोकळा होतो. साखरेशिवाय चहा पिणाऱ्या एका कोरियन बाईंनी सौजन्यापोटी आठवडाभर असा गोड चहा घेतला. इंग्रज ‘नो’ म्हणेल, कारण त्याचं उत्तर साखरेला असतं, विचारणाऱ्याच्या म्हणण्याला नसतं. हे समजावताना मला आपलीच वाक्यं उपयोगी पडली. ‘तू येणार नाहीस ना?’ ‘हो, नाही येणार.’ सोल, टोकियो आणि मिरज या बाबतीत एका बाजूला. मी ते फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात एकदम हुश्श झालं. आपण मठ्ठ नाही, आपली भाषा वेगळ्या दारातून आत येते, एवढं कळलं की माणसाची भीती अर्धी ओसरते.

इंग्रजी शब्दही घरून निघून परक्या गावात राहिले की वेगळे होतात. कोरियात ‘सर्व्हिस’ म्हणजे दुकानदाराने वर फुकट दिलेली वस्तू. आपल्याकडे भाजीवाला कोथिंबीर टाकतो, ती सर्व्हिस. ‘फाइटिंग’ म्हणजे मारामारी नव्हे, धीर देण्याची आरोळी. परीक्षेच्या दिवशी दारात उभ्या राहून दोन मैत्रिणी एकमेकींना मुठी दाखवून ‘फाइटिंग!’ म्हणाल्या, तेव्हा इमारतीचा रखवालदार धावत आला होता. जपानीत ‘मॅन्शन’ म्हणजे साधा फ्लॅट. ‘आय लिव्ह इन अ मॅन्शन’ असं सांगणाऱ्या बाईकडे घरकामाला येणारीने पगार दुप्पट मागितला. ‘व्हायकिंग’ म्हणजे पंगतीऐवजी हाताने वाढून घ्यायचं जेवण, कारण टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने १९५८ मध्ये त्या नावाने अशी पहिली खानावळ सुरू केली. हे शब्द मी खोडत नाही. एक वेगळी वही करते आणि प्रत्येकासमोर त्याचं गाव लिहिते.

१ जानेवारीचे वाढदिवस

पाठ्यपुस्तकातला सर्वात निरुपद्रवी धडा म्हणजे वय आणि वाढदिवस. आमच्या वर्गात तोच सर्वात अवघड ठरतो.

अफगाण वर्गात मी ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ शिकवलं आणि एकामागून एक तिघांनी ‘फर्स्ट जॅन्युअरी’ सांगितलं. मला वाटलं, पहिल्याचं ऐकून बाकीचे म्हणताहेत. मी जरा आवाज चढवला. मग त्यांनी कार्डं दाखवली. तिन्हींवर १ जानेवारीच होता. त्यांच्याकडचं वर्ष नवरोजला, मार्चच्या २०-२१ तारखेच्या सुमारास सुरू होतं. १३७० साली जन्मलेला माणूस आपल्या हिशेबाने १९९१-९२चा. ज्यांना फक्त सालच ठाऊक, त्यांच्यापुढे कचेरीतला कारकून १ जानेवारी लिहून टाकतो. मला आमचे आजोबा आठवले. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेला १ जून हाच त्यांचा आणि त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी मुलांचा जन्मदिवस झाला. मी वर्गाची माफी मागितली आणि १ जूनची गोष्ट सांगितली. नंतरच्या १ जानेवारीला आम्ही एकच मोठा केक आणला आणि मेणबत्त्या सगळ्यांच्या मिळून लावल्या.

कोरियन वर्गात गोंधळ वेगळा. तिथे जन्मतः मूल एक वर्षाचं धरत आणि दर नववर्षाला सगळा देश एका वर्षाने मोठा होई. २८ जून २०२३ पासून तिथल्या कायद्याने वाढदिवसागणिक वय मोजणं बहुतेक बाबतींत लागू केलं. त्या दिवशी एक विद्यार्थिनी आनंदाने सांगत आली, की मी काल एकेचाळीस होते, आज एकोणचाळीस आहे. मी तिला सांगितलं, की आमच्याकडेही दोन हिशेब चालतात. चाळीस पूर्ण झाली म्हणतात आणि एकेचाळिसावं लागलं असंही म्हणतात. तिने ‘लागलं’ हा शब्द वहीत लिहून घेतला.

बाई

सुरुवातीच्या दिवसांत मी एका वर्गाला सांगितलं, की मला मॅम म्हणू नका, बाई म्हणा. आमच्याकडे शाळेत शिक्षिकेला बाईच म्हणतात आणि त्या शब्दात धाक आणि माया दोन्ही आहे. मुलांनी तो उचलला. आठवडाभराने घरमालकीण तणतणत आल्या. या मुलांना काही वळण आहे का, शिक्षिकेला बाई म्हणतात! दिल्लीत बाई म्हणजे धुणंभांडी करणारी. मी समजावलं, त्यांना पटलं नाही. मुलांना मात्र तेव्हा एक गोष्ट आपोआप कळली, की मीही इथे परगावची आहे. पुढे त्यांनी मला ‘मालेम साहेब’ म्हणायला सुरुवात केली. काबूलमध्ये शिक्षकाला असंच म्हणतात. तिबेटी मुलं ‘गेन-ला’ म्हणतात, चिन मुली ‘सयामा’, जपानी बायका ‘सेन्सेई’. आठवड्यात मला एवढी नावं मिळतात आणि मी ती सगळी जपते.

परगावची असण्याचा हा धागा इंग्रजीच्या शिक्षणात जुना आहे. दिल्लीत अँड्र्यूज गंज ही वसाहत आहे, लाजपत नगरपासून अगदी जवळ. ती ज्यांच्या नावाची, ते इंग्रज शिक्षक चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज १९०४ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले आणि पुढे गांधीजींचे जवळचे मित्र झाले. १९०६ मध्ये प्राचार्यपद भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुशीलकुमार रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला आणि त्या कॉलेजला पहिला भारतीय प्राचार्य मिळाला. दुसरीकडे आपल्या पुण्यात जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. मराठीचा कडवा अभिमानी असलेल्या चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. परक्या भाषेची ताकद घ्यायची आणि आपली भाषा सोडायची नाही, ही त्यांची शिकवण मला भोगलच्या खोलीत रोज उपयोगी पडते. मी स्वतः पाचवीत इंग्रजी शिकायला लागले. कुठे ठेच लागते हे मला ठाऊक आहे, आणि शिक्षक म्हणून माझी खरी शिदोरी तीच आहे.

एकदा भूतकाळ शिकवताना मी शाळेत शिकलेल्या इतिहासावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. एका तरुणाने लिहिलं, की अहमदशहा बाबा पानिपतला जिंकले. अफगाणांच्या दृष्टीने अहमदशहा हे त्यांच्या राष्ट्राचे जनक. आपल्या भाषेत पानिपत होणं म्हणजे सर्वनाश होणं. त्या खोलीपासून पानिपत नव्वदेक किलोमीटरवर, आणि १७६०च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे पडले ते बुराडी तर दिल्लीच्याच उत्तर टोकाला. मी त्याला ‘वन’ आणि ‘लॉस्ट’ ही रूपं सांगितली. त्याने विचारलं, कोण हरलं? मी म्हटलं, आम्ही. महाराष्ट्र नकाशावर कुठे ते मी बोटाने दाखवलं. तो बराच वेळ दिल्लीपासून पुण्यापर्यंतचं अंतर बघत राहिला आणि म्हणाला, ‘दे वॉज फार फ्रॉम होम, टीचर.’ मी ‘वॉज’चं ‘वेअर’ करायला सांगितलं आणि पुढच्या वहीकडे वळले. १४ जानेवारी १७६१ विषयी लहानपणापासून जे ऐकलं होतं, त्यात एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

कायमचा पत्ता

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेलं. त्या दिवशी वर्ग भरला, पण शिकवणं झालं नाही. सगळे फोनकडे डोळे लावून बसले होते. पुढच्या महिन्यात तिथे मुलींच्या शाळा सहावीपर्यंतच उरल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठांचे दरवाजेही बंद झाले. आमच्या वर्गातली चाळिशीची एक बाई तेव्हापासून माझा प्रत्येक धडा फोनवर ध्वनिमुद्रित करून काबूलला भाचीला पाठवू लागली. काही आठवड्यांनी तिने मला एका वहीच्या पानाचा फोटो दाखवला. सुबक अक्षरात दहा वाक्यं, आणि खाली विनंती, की टीचरने तपासून द्यावं. वाक्यं आईबद्दल होती आणि आईसाठी सगळीकडे ‘ही’ लिहिलं होतं. दरीत तो आणि ती यांना मिळून ‘ऊ’ हा एकच शब्द आहे. मी लाल पेनाने ‘शी’ लिहिलं, पानाचा फोटो काढला आणि पाठवला. मी कधी न पाहिलेल्या त्या मुलीच्या वह्या आजही येतात. ‘ही’ची चूक आता क्वचित होते.

तिच्याच मावशीचा अर्ज भरताना एकदा मी अडखळले. नाव झालं, सध्याचा पत्ता झाला, पुढचा रकाना होता ‘पर्मनंट ॲड्रेस’. तिने विचारलं, पर्मनंट म्हणजे किती दिवसांचा? व्याकरणाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, जिथलं तुला काका-मामा म्हणता येतं ते लिही. तिने काबूलमधल्या गल्लीचं नाव लिहिलं, अक्षरं मोजून, एकही चूक न करता.

दरीत काम संपवून निघालेल्याला ‘मांदा नबाशी’ म्हणतात. तू थकू नयेस, असा त्याचा अर्थ. ऐकणारा ‘ज़िंदा बाशी’ म्हणतो, म्हणजे जगत राहा. इंग्रजीत याला शब्द काय, असं वर्गाने मला विचारलं होतं. मी कोश पालथे घातले, ब्रिटिश पुस्तकं चाळली, काही सापडलं नाही. मराठीतही नेमकं सापडलं नाही. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. तास संपला, की वह्या मिटताना पंधरा-वीस जण एका सुरात म्हणतात, ‘डोन्ट बी टायर्ड, टीचर.’

इंग्रज माणूस असं म्हणत नाही. मी अठरा वर्षं चुका दुरुस्त करते आहे, आणि हे वाक्य मी दुरुस्त केलेलं नाही. त्याचा पत्ता मला माहीत आहे.